बाबा बोलत होते त्या दुपारी

आमच्या ऑफिसात तिला कुणी नावानं हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. मोठ्या साहेबांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला डिरेक्टरी म्हणायचे. आठ मजल्यांची इमारत, चारशे तीस एक्स्टेन्शन, आणि ते सगळे नंबर तिच्या डोक्यात. टेलिफोनची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. खिडकी नाही, दोन बोर्ड, दोन खुर्च्या आणि एक टेबलफॅन, जो फिरत फिरत तिच्या बाजूला गेला की तिथंच मान अडकवून बसायचा. शेजारच्या खुर्चीत मी एकोणीस वर्षं बसले. माझ्यासमोर नंबरांची छापील यादी पुठ्ठ्यावर चिकटवलेली असायची. तिच्यासमोर पाण्याची बाटली आणि विणकामाची पिशवी.

नंबर काय, पोपटही पाठ करेल. तिला आवाज पाठ होते. समोरच्यानं 'हॅलो' म्हणायचा अवकाश, ही सुरू. "बोला, पाठदुखी बरी आहे का? जोडते हं, पण साहेब आत्ताच खाली उतरलेत, दहा मिनिटांनी केलात तर बरं." एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका कारकुनानं आवाज बदलून फोन केला, मी त्याचा भाऊ बोलतोय, तो आजारी आहे, आज येणार नाही म्हणून. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "निरोप देते. आणि तुमच्या भावाला सांगा, ताप आलेला माणूस असा नाकातून बोलत नाही." कारकून अर्ध्या तासात जागेवर हजर.

घरी ती, नवरा आणि मुलगी. नवरा मालट्रकवर, पंधरा पंधरा दिवस रस्त्यावर. मुलगी कॉलेजात. दोन गल्ल्या सोडून तिचे वडील एकटे राहायचे. ते सुतार. सत्तरी ओलांडली तरी घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा रंधा चालू असायचा, कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. 'हो', 'नाही' आणि 'बघू', या तीन शब्दांवर त्या माणसानं आयुष्य काढलं, असं ती म्हणायची. धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्याचं बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला.

ती आठ वर्षांची आणि भाऊ तीन वर्षांचा असताना आई गेली. काय झालं होतं, कशानं गेली, दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना आत्याकडे पाठवलं होतं. महिन्याभरानं परत आले तर घरात आई नव्हती, तिचे कपडे नव्हते, एकुलता एक फोटो होता तोही भिंतीवरून उतरलेला. वडिलांनी त्यानंतर तिचा विषय काढला नाही. भाऊ सहा वर्षांचा असताना त्यानं एकदा विचारलं, "आई कशी होती?" वडील फळीला रंधा मारत होते. त्यांनी फळी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं मारायला लागले.

मग त्यानं बहिणीला गाठलं. "ताई, तुला आठवते का गं आई?"

ती अकरा वर्षांची. वडील पलीकडच्याच खोलीत. ती म्हणाली, "नाही आठवत."

हे तिनंच मला सांगितलं होतं, खूप वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत. "खोटं बोलले गं मी. मला चांगली आठवत होती. पण बाबांना ऐकू गेलं असतं तर? पुढं त्यानंही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. राहून गेलं."

सेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग कीमो. दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस. केस गेले तेव्हा स्कार्फ बांधून आली आणि मला म्हणाली, "बरं झालं, हेडफोन तरी नीट बसेल." पहिल्या डोसनंतर ती आठवडाभर घरी राहिली आणि मग कामावर यायला लागली. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. बसून करायचं काम, झेपेल म्हणाले.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तो दिवस मला आठवतो. बाहेरून कुणी तरी हिशेब विभाग मागितला. तिचा हात उचलला गेला आणि बोर्डावर अधांतरी राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत एवढ्या वर्षांत तिनं मला काही विचारलं नव्हतं, नेहमी मीच विचारायची.

"दोनशे सतरा," मी हळूच म्हणाले.

"माहितीये मला," ती म्हणाली आणि दोनशे एकाहत्तर जोडला.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी तिच्या बोर्डाशेजारी माझ्यासारखीच एक यादी चिकटवली. ती आली, यादीकडे बघत उभी राहिली.

"ही कुणासाठी?"

"माझ्यासाठीच. इथूनही दिसावी म्हणून."

"तुला खोटं बोलणं कधी जमलं नाही," ती म्हणाली. पण यादी काढली नाही.

यादी असून भागेना. नंबर शोधायला मान खाली घातली की कोण हवं होतं ते विसरायची. कोण हवं ते लक्षात ठेवलं तर नंबर निसटायचा. दुसऱ्या डोसनंतर एका शाळेतून फोन आला. आमच्या एका बाईंचा मुलगा जिन्यावरून पडला होता. तिनं "थांबा हं, देते" म्हणून लाइन होल्डवर ठेवली. मी चहा घेऊन आले तेव्हा तिच्या बोर्डावर लाल दिवा लुकलुकत होता आणि ती त्याच्याकडे एकटक बघत होती. अकरा मिनिटं शाळा लाइनवर होती.

मुलाला फार काही झालं नव्हतं, हात मुरगळला होता. कुणी तिला बोललं नाही. पण संध्याकाळी तिनं स्वतःच रजेचा अर्ज लिहिला. एवढ्याशा अर्जाला तिला तीन कागद लागले.

"अगं, मला तो दिवा दिसत होता," ती मला म्हणाली. "चांगला दिसत होता. पण तो कशाचा आहे, त्याचं काय करायचं असतं, ते सुचेना."

मी म्हटलं, डॉक्टरांना सांग. ती म्हणाली, "नको. डोक्यात गेलंय म्हणतील."

हीच भीती तिला आतून खात होती. गाठीचं दुखणं मेंदूत पसरलं असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं आणि ते कुणाच्या तोंडून ऐकायला नको म्हणून ती डॉक्टरांसमोर हसतमुखानं बसायची. भूक? बरी आहे. झोप? लागते. बाकी काही त्रास? नाही. मीही तिला जास्त भरीला घातलं नाही. मलाही ते ऐकायचं नव्हतं.

घरी तर आनंदच होता. गॅसवर दूध ठेवून झोपायची. मुलीला एकच गोष्ट तीनदा विचारायची. वाचायला घेतलेल्या मासिकाचं एकच पान चार दिवस. विणकाम सोडलं, टाके मोजता येईनात. बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर थांबायची आणि हसून म्हणायची, "लाइन कटली." नर्सनं एक वही दिली होती, गोळ्या आणि ताप लिहून ठेवायला. तेवढी मात्र ती नेमानं लिहायची, कारण मुलगी रोज तपासायची.

दुपारी घरात कुणी नसायचं, म्हणून वडील यायला लागले. दोनला यायचे आणि सहाला मुलगी कॉलेजातून आली की जायचे. पहिले काही दिवस पलंगाशेजारच्या स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसले. मग एका डोसच्या दिवशी दवाखान्यात नर्स त्यांना म्हणाली, "आजोबा, असं गप्प बसू नका. बोलत जा त्यांच्याशी. मन रमतं पेशंटचं."

सुताराला माप दिलं की तो त्या मापानं काम करतो. दुसऱ्या दिवसापासून ते बोलायला लागले.

आधी लाकडाबद्दल बोलले म्हणे. कुठलं लाकूड फुगतं, कुठलं चिरतं, कुणाच्या घरचा दरवाजा तीनदा बसवावा लागला. ते संपल्यावर लहानपणाबद्दल, त्यांच्या वडिलांबद्दल. मुलगी सांगायची, "मावशी, मी दाराशी पोचते तेव्हा आत आजोबांचा आवाज चालू असतो. मी आत गेले की बंद. रेडिओसारखा." आम्हाला दोघींनाही हसू यायचं. तिच्याही चेहऱ्यावर जरा रक्त दिसायला लागलं होतं. मी रविवारी जायची, तेव्हा म्हणायची, "बाबा काय बोलतात गं! वाटलं नव्हतं."

मग तो फोन आला. चौथा डोस होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी बोर्डावर एकटी, तिच्या खुर्चीत बदली मुलगी अजून आलेली नव्हती. साधारण सव्वासहा. तिचा आवाज मी लगेच ओळखला, पण तो रडून बसलेला होता.

"बाबांनी आज आईचं सांगितलं," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. अगं, आम्हाला वाटत होतं तसं काही नव्हतंच. तुला सांगू का..."

माझ्यासमोर चार दिवे लागले होते. साहेबांची बाहेरगावची लाइन होती. मी म्हटलं, "थांब, बोर्ड पेटलाय. रविवारी येते, तेव्हा निवांत सांग."

"बरं बरं," ती म्हणाली. "तू कर काम."

रविवारी गेले. तिनं मला बिस्किटं दिली, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलली. मी वाट बघून शेवटी विचारलं, "बाबांनी आईचं काय सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "आईचं? बाबांनी? कधी?"

मला वाटलं, मुलगी शेजारीच आहे म्हणून टाळतेय. मी विषय बदलला. आता कुणी म्हणेल, तुझा काय दोष. माझा दोष नाही हे मलाही कळतं. पण तिच्या डोक्यात ते जेमतेम तासभर टिकलेलं होतं, आणि त्या तासात तिनं मला फोन केला होता. तिला तो फोनही आठवत नाही. मी अजून तिला सांगितलेलं नाही. भावालाही नाही.

सहावा डोस झाला. तीन आठवडे गेले आणि एका सकाळी वडील गेले. पुढच्या खोलीत रचून ठेवलेल्या फळ्यांवर बसलेले सापडले, शेजारी चहाचा कप तसाच. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. तिला उभं राहवत नव्हतं तरी ती गेली. त्यांच्या भुवयांवरचा भुसा तिनं पदरानं पुसला. मला म्हणाली, "इतका बोलला गं माझ्याशी म्हातारा." आणि मग, जरा वेळानं, "काय बोलला?"

सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशी भाऊ तिच्याकडे आला. मी तिथंच होते, स्वयंपाकघरात तिच्या मुलीबरोबर भांडी लावत होते. तो उंच, रुंद माणूस, नखांत ग्रीस. बहिणीच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ताई, मागच्या रविवारी बाबा माझ्याकडे आले होते."

"तुझ्याकडे? एकटे?"

"दोन बस बदलून. पाणी प्यायले, पोरांना बघितलं, आणि निघाले. दारात चपला घालताना म्हणाले, तुझ्या आईचं सगळं मी ताईला सांगून ठेवलंय. तिच्याकडून ऐक. मला पुन्हा नाही सांगवणार." तो थांबला. "मी म्हटलं, आत्ता सांगा की. तर म्हणाले, नाही रे, एकदाच जमलं."

तिनं डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला.

"तर आता सांग," तो म्हणाला. "मी एकेचाळीस वर्षांचा आहे. मला तिचं तोंडही माहीत नाही."

हातातला कप खाली ठेवायचं मला सुचलं नाही. तिच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं, बोर्डासमोर हात अधांतरी राहिला होता तेव्हाचं.

"मला आठवत नाही रे," ती म्हणाली.

"काय आठवत नाही?"

"बाबांनी काय सांगितलं ते. बोलायचे रोज. मी ऐकायचे. रडले पण असेन. पण काय सांगितलं ते... एक आठवतं. तिला शिट्टी वाजवता यायची. बाबा म्हणाले होते की ती स्वयंपाक करताना शिट्टी वाजवायची. की मला स्वप्न पडलं होतं, काय माहीत."

"कुठलं गाणं वाजवायची?"

"नाही आठवत."

"कशानं गेली?"

"नाही रे आठवत."

त्यानं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "चारशे तीस नंबर तुला पाठ आहेत," तो म्हणाला. "अख्ख्या ऑफिसची बायकापोरं पाठ आहेत. आणि एवढंच तेवढं आठवत नाही."

"ते आधीचं. आता डोकं..."

"लहानपणी पण हेच म्हणाली होतीस. मला आत्यानं नंतर सांगितलं, आईचा पदर सोडायची नाही म्हणे ताई. आठ वर्षांच्या मुलीला आई आठवत नाही होय? तेव्हाही मला नाही म्हणालीस आणि आताही. काही वाईट असेल तर वाईट सांग. मी काही लहान नाही. पण आठवत नाही म्हणू नकोस."

ती उठली, उशीखालची वही आणून त्याच्या हातात दिली. मला वाटतं, तिच्याही मनात आशा होती की तिनं कधीतरी काहीतरी लिहिलं असेल. तो पान न् पान उलटत गेला. ताप नाही. उलटी एक. पांढरी गोळी सकाळी, गुलाबी दोन वेळा. बाबा आले. ताप नव्व्याण्णव. भूक नाही. बाबा आले. ताप नाही. बाबा आले, बराच वेळ बसले. चार महिन्यांची पानं, आणि बहुतेक सगळ्यांवर तिच्या त्या सुबक अक्षरात 'बाबा आले'.

त्यानं वही मिटून टेबलावर ठेवली आणि गेला. तीन महिने आला नाही. फोन केला तर त्याची बायको उचलायची आणि कामावर गेलेत म्हणायची. डिरेक्टरीला फोनवर कुणी फसवू शकत नाही. तिला मागं त्याचा श्वास ऐकू यायचा.

त्या तीन महिन्यांत ती फार खचली. आजारात रडली नसेल तेवढी रडली. दुपारी दोन वाजता पलंगावर जाऊन पडायची, डोळे मिटायची आणि आठवायचा प्रयत्न करायची. कपाळावर आठ्या घालून, ओठ चावून. मी म्हणायची, सोड गं. ती म्हणायची, "तिथंच असणार. एवढं मोठं कुठं जाईल?" एकदा रिकाम्या स्टुलाशी बोलताना मुलीनं तिला पाहिलं. ती म्हणत होती, "पुन्हा एकदा सांगा ना. या वेळी लिहून घेते."

मुलीनं ते मला सांगितलं तेव्हा मी पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर गेले. डॉक्टर बाई साधारण आमच्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बाकी काही त्रास?" तिनं नाही म्हणायच्या आत मी म्हणाले, "हिला काही आठवत नाही, कधीपासून. हिला वाटतंय मेंदूत पसरलंय."

डॉक्टर बाईंनी चष्मा खाली घेतला. तिला कितीतरी प्रश्न विचारले. कागदावर काही शब्द वाचायला दिले आणि थोड्या वेळानं परत विचारले. मग एक फोटो काढायला सांगितला, डोक्याचा. तो स्वच्छ आला. पुढच्या खेपेला त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला.

"हे पसरलेलं नाही. हे उपचारानं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या कितीतरी पेशंटना होतं. कीमोचं औषध, अपुरी झोप, अशक्तपणा, मनावरचा ताण, सगळं मिळून. लक्ष लागत नाही, शब्द सापडत नाहीत, ऐकलेलं निसटतं. तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"सगळ्यांना वाटते. बऱ्याच जणांना वर्षभरात सुधारतं. हळूहळू तुम्हालाही सुधारेल."

तिचा चेहरा मी इतका उजळलेला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "म्हणजे ते परत आठवेल?"

डॉक्टर बाईंनी फोटो पाकिटात घातला. तिच्या वडिलांचं सगळं मी मघाशी त्यांना सांगितलं होतं. "तुमचं डोकं पुन्हा नीट चालायला लागेल," त्या म्हणाल्या. "पुढचं तुम्ही लक्षात ठेवू शकाल. पण त्या चार महिन्यांत जे मनात नीट उतरलंच नाही, ते आता बाहेर कुठून येणार? मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. थोडंफार तुकड्यातुकड्यांत आठवेल कदाचित. सगळं नाही."

तिनं मान हलवली. पर्स उघडली, बंद केली. मग म्हणाली, "हेच माझ्या भावाला सांगाल का? माझ्यावर त्याचा विश्वास नाही."

भावाला आणायचं काम माझ्याकडे आलं. मी बोर्डावरून त्याच्या कंपनीला फोन लावला आणि त्याला म्हटलं, बहिणीची तपासणी आहे, डॉक्टरांनी घरच्या माणसाला बोलावलंय. एवढंच. तो घाबरून धावत आला, कामाच्या कपड्यांतच. त्याला वाटलं, ती जातेय. आम्ही आत गेलो. डॉक्टर बाईंनी त्याला तेच सगळं पुन्हा सांगितलं, शांतपणे, फोटो दाखवून. तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, "म्हणजे ही मुद्दाम सांगत नाही, असं नाही?"

"नाही."

बाहेर आलो. लांबलचक कॉरिडॉर, भिंतीला लावलेली प्लॅस्टिकची बाकं, माणसं रिपोर्टच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. तो एका बाकावर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. मी जरा लांब उभी राहिले, पण ऐकू येत होतं.

"रागावलास?" तिनं विचारलं.

तो मान हलवत राहिला. मग त्याचा आवाज फुटला. "तू लपवतेयस असं वाटत होतं ना ताई, तेच बरं होतं. वाटायचं, आज ना उद्या हिचं मन वळेल. कुठंतरी आहे तरी. हिच्याजवळ आहे." त्यानं तळहात उघडून मांडीवर ठेवला. "आता कुणाजवळच नाही."

आजूबाजूच्या माणसांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्या कॉरिडॉरमध्ये कुणाच्या रडण्याचं कुणाला नवल नव्हतं. तिनं त्याचा तो ग्रीसचा हात आपल्या ओंजळीत घेतला आणि दोघं बसून राहिली, पुढचा पेशंट आत जाऊन बाहेर येईपर्यंत.

त्यानंतर तो रविवारी यायला लागला. ती त्याला आपल्याजवळचं सांगायची, आठ वर्षांच्या आधीचं, जे तिनं पस्तीस-छत्तीस वर्षं दाबून ठेवलं होतं. आई उंच होती. तुझ्यासारखीच खांदे वाकवून चालायची. तुला कडेवर घेऊन दळणाच्या रांगेत उभी राहायची. वेणी घालताना खेचायची आणि वर मलाच ओरडायची. हे सगळं एका रविवारी, दोन रविवारी सांगून संपलं. आठ वर्षांच्या मुलीजवळ असून असून किती असणार? आणि आता त्यातही तिला खात्री वाटेना. एकदा सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "हे मी पाहिलंय की बाबांनी सांगितलंय, मला कळत नाहीये रे."

"कुठलं का असेना," तो म्हणाला. "सांग तू."

त्यांनी बाबांच्या जुन्या भागीदाराला शोधलं. तो म्हणाला, तुमचे बाबा इथं आले तेच तुम्हा दोघांना घेऊन, त्याआधीचं मी काय सांगणार. आत्या जाऊन दहा वर्षं झालेली. आईच्या माहेरच्या गावाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी ते सांगितलं असेल, ती म्हणायची. नक्की सांगितलं असेल, एवढं सगळं सांगितलं तर.

वर्षभरानं ती कामावर परत आली. केस आले होते, आधीपेक्षा कुरळे. आठवणही पुष्कळ सुधारली होती. मासिक वाचायची, विणायची, मुलीच्या परीक्षेची तारीख विसरत नव्हती. पण बोर्डावर बसून बघितलं आणि दोन दिवसांनी स्वतःच साहेबांकडे गेली. एका वेळी एक काम ती चांगलं करायची. चार दिवे एकदम लागले की आधी कुठला घ्यायचा ते तिला ठरवता यायचं नाही. साहेबांनी तिला दारातल्या टेबलावर बसवलं, भेटायला येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायला. जुने लोक अजून जाता-येता "काय डिरेक्टरी" म्हणतात. ती हसते. नव्यांना ते नाव का पडलं ते माहीत नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीत आता दुसरी मुलगी आहे. हुशार आहे. मी जेवायला मात्र दारातल्या टेबलापाशी जाते. परवा डबा उघडता उघडता ती म्हणाली, "तुला एक सांगू? बाबा मला दिसतात. अगदी स्पष्ट. स्टुलावर बसलेत, बोलताना उजवा हात असा फळीवरून फिरवल्यासारखा करतायत. ओठ हलताना दिसतात. मधेच थांबतात, डोळे पुसतात, परत बोलायला लागतात. मी त्यांच्याकडे बघतेय, मान हलवतेय. सगळं दिसतं." तिनं डब्याचं झाकण परत लावलं. "फक्त आवाज येत नाही."

तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि कुणाला भेटायचं ते सांगू लागले. "एक मिनिट हं," ती म्हणाली, रजिस्टर पुढं ओढलं, आणि ते सांगत गेले तसं एकेक शब्द विचारून विचारून लिहून घेऊ लागली.